लोकांच्या भांड्यांचं घर

आमच्या घरात आमची स्वतःची भांडी फार थोडी होती. दोन टोप, एक कढई, तवा, दोन ताटं आणि विहिरीवरून पाणी आणायची एक कळशी, एवढ्यावर आई आणि मी, दोघींचा संसार चालायचा. माजघरामागची खोली मात्र भांड्यांनी खच्चून भरलेली होती. तांब्याचे हंडे एकावर एक रचलेले, घंगाळं पालथी घातलेली, पितळेच्या समया भिंतीला टेकवून उभ्या, वर फळीवर पराती आणि डबे, कोपऱ्यात एक लाकडी पाळणा. यातलं काहीच आमचं नव्हतं. सगळं गहाण होतं. कोणता हंडा कोणाचा हे मला लिहिता-वाचता यायच्या आधीपासून ठाऊक होतं. काठाला पोचा आलेला खालच्या वाडीतल्या गुरवांचा, ज्याच्या पोटावर नाव कोरलंय तो शाळेमागच्या घरातल्या नव्या सुनेच्या माहेरचा. दिवाळीच्या आधी आई ती सगळी भांडी बाहेर काढायची आणि आम्ही दोघी विहिरीवर बसून चिंचेनं घासायचो. लोकांची वस्तू आपल्याकडे काळी पडता कामा नये, असं ती म्हणायची. वाटेनं जाणाऱ्या बायकांना आपलाच हंडा माझ्या हातात लखलखताना दिसायचा आणि त्या मान खाली घालून, पाऊल उचलून पुढे जायच्या. मला वाटायचं, त्यांना उशीर झाला असेल.

वडील मुंबईला एका कंपनीत होते. मला ते आठवतात ते गणपतीला आलेले, पायजम्यावर नवा कोरा सदरा घातलेले, आणि जाताना एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलेले. कामावर अपघात होऊन ते गेले आणि कंपनीकडून आईच्या हातात रक्कम आली. गावात अशी गोष्ट लपत नाही. पहिली आली ती शेजारची बाई. तिचा मुलगा आजारी होता, रत्नागिरीला न्यायचा होता. आईला द्यायची भीती वाटत होती आणि नाही म्हणायचीही. ती घुटमळतेय हे पाहून त्या बाईनं स्वतःच घरी जाऊन हंडा आणला आणि पडवीत ठेवला. "काकी, हा असू दे तुमच्याकडे. पैसे दिले की नेईन." अशी सुरुवात झाली. व्याज कोणी सुरू केलं ते आईला नीट सांगता यायचं नाही. लांज्याच्या सोनाराकडे रुपयाला महिन्याला पाच पैसे पडायचे, म्हणून आमच्याकडेही पाच पैसे. तांदळाचा भाव असतो तसा तो भाव होता. आईनं तो कधी वाढवला नाही आणि कधी कमीही केला नाही. सगळा हिशेब तिच्या डोक्यात असायचा, आणि तिनं कोणाच्या दारात जाऊन पैसे मागितलेले मी पाहिले नाहीत. तशी वेळच यायची नाही. वस्तू घरातच होती.

आमच्याकडे येणारी माणसं मागल्या दारानं यायची. आधी खोकल्याचा आवाज यायचा. खरा खोकला नव्हे, मी आलेय हे सांगायचा खोकला. मग आई हात पुसत उठायची. बोलणं इतकं हळू चालायचं की शब्द कळायचे नाहीत, फक्त एक बारीक गुणगुण ऐकू यायची, आणि शेवटी सारवलेल्या जमिनीवर तांबं टेकल्याचा आवाज. तो आवाज मला आजही झोपेत ओळखता येईल. काम झालं की ती बाई आल्या पावली निघून जायची. आई "चहा घेऊन जा" म्हणायची, दर वेळी म्हणायची. "नको काकी, चूल पेटलीय," असं उत्तर यायचं. सगळ्यांच्या चुली त्याच वेळी कशा पेटलेल्या असतात, याचं मला लहानपणी नवल वाटे.

शिमग्यात पालखी आमच्याही अंगणात यायची. खेळे नाचायचे, आई ओटी भरायची, देवाला गाऱ्हाणं घातलं जायचं. दुसऱ्या घरी माणसं पाणी पीत टेकायची, विड्या ओढायची; आमच्याकडून मात्र पालखी ताबडतोब उठायची. गौरीच्या फुगड्यांना मला कोणी बोलवायला येत नसे. मी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहून वरच्या वाडीतलं झिम्म्याचं गाणं ऐकायची आणि एकटीच पाय आपटून ठेका धरायची. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र आमच्या मागल्या दाराशी गर्दी व्हायची. समया न्यायला बायका यायच्या. सणाला ज्याची समई त्याच्या घरी जावी, हा आईचाच नेम. विसर्जन झालं की समया परत यायच्या, वातीची काजळी पुसून. त्या दहा-अकरा दिवसांत आमची ती खोली ओकीबोकी दिसायची आणि मला तिथे जाऊन बसायला आवडायचं.

जेवायला आम्ही दोघीच. कुळथाची पिठी, भात, बाजूला भाजलेलं सुकट. आषाढात फणसाच्या आठळ्या. आई चांगली सुगरण होती, तिच्या हातच्या घावण्यांना जाळी अशी पडायची की उजेडाला धरले तर पलीकडचं दिसावं. पण ते बघायला कोणी नव्हतं. जास्त झालेलं शेजारी द्यायची चाल आमच्याकडे उरली नव्हती. आईनं दोन-तीनदा वाटी पाठवली, तर त्या वाटीचा हिशेब धरतात की काय अशा धास्तीनं लोकांनी ताबडतोब काहीतरी घालून ती परत केली. मग तिनं पाठवणं सोडलं.

शाळेत माझी एक मैत्रीण होती, नंदा. आम्ही एका बाकावर बसायचो, एकीच्या डब्यातून दुसरी खायची. तिची आई कपडे शिवायची. सगळ्या गावाची परकर-पोलकी, शाळेचे गणवेश. एका वर्षी नंदाच्या वडिलांची मुंबईची नोकरी सुटली आणि एका दुपारी दोन गड्यांच्या खांद्यावरून ते शिलाई मशीन आमच्या मागल्या दारी आलं. आईनं त्यावर चादर घातली. मी आनंदले होते, हे सांगायला हवं. मला वाटलं, आता नंदा आमच्या घरी येईल, मशीन बघायला तरी येईल. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. भांडण नाही, बोलणं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इथनं फळा नीट दिसतो."

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना रत्नागिरीतल्या माझ्या खिडकीतून मांडवीच्या समुद्राचा आवाज येतोय आणि मोबाईल सारखा वाजतोय. परवा एक तरुण मुलगी सल्ला विचारायला माझ्याकडे आली होती. फोनवरून कर्ज घेतलेलं, कागद नाही, माणूस नाही, पाच मिनिटांत पैसे खात्यात. आता फेडता येत नाही आणि रोज अनोळखी आवाज धमकावतात. मी तिच्यासोबत बसून तिच्या घरचा खर्च मांडला, पोलिसांत कुठे जायचं ते सांगितलं. ती गेल्यावर मला वाटलं, हिला खोकावंसुद्धा लागलं नाही. कोणाच्या दाराशी उभं राहावं लागलं नाही. सोपं झालंय सगळं, आणि किती एकटं. आमच्या वेळी निदान देणारी आणि घेणारी एकमेकींना ओळखत होत्या.

बारावी झाल्यावर मी घरीच होते. त्या सुमारास रत्नागिरीतल्या एका संस्थेच्या शैलाताई गावात येऊ लागल्या. उंच, सावळ्या, कॉटनची साडी, खांद्याला झोळी, आवाज शिक्षिकेसारखा खणखणीत. बायकांना घरखर्च कसा आखायचा ते शिकवणार आणि मग त्यांचा बचत गट करणार, असं त्यांचं काम. त्यांना गावातली लिहिणारी-वाचणारी मुलगी मदतीला हवी होती. कोणीतरी माझं नाव सांगितलं असावं, कदाचित गंमत म्हणूनही. त्या पुढल्या दारानं आल्या, पडवीत बसल्या, आईनं दिलेला चहा सावकाश प्यायल्या आणि "आणखी थोडा आहे का हो?" असं विचारलं. आई लगबगीनं आत गेली. तिच्या चालण्यात मी इतकी घाई कधी पाहिली नव्हती.

"जाशील?" त्या गेल्यावर आईनं मला विचारलं.

"त्या काय शिकवतात ते कळलं का तुला?"

"कळलं की. घरात बसून तू तरी काय करणार? जा. चार माणसांत बसशील."

पहिला वर्ग रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात भरला. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या बोटांना काजू फोडून पडलेले काळे डाग. शैलाताईंनी वह्या काढायला लावल्या नाहीत. खडूनं जमिनीवर ओळी आखल्या आणि प्रत्येकीपुढे काजूच्या बियांचा एक ढीग ओतला. "हे वर्षाचं उत्पन्न. मुंबईची मनीऑर्डर, कारखान्याची मजुरी, आंब्याच्या हंगामातलं काम, सगळं धरून. आता सांगा, हात रिकामा कधी असतो?" बायका हसल्या. एकजण म्हणाली, "कधी नसतो ते विचारा." पण मग हळूहळू उत्तरं येऊ लागली. पाऊस लागायच्या आधी कौलं परतायची, आगोटीची बेगमी म्हणून मीठ-मिरची-सुकी मासळी भरून ठेवायची, तेवढ्यात शाळा उघडते. आणि गणपती. वैशाखात हातात पैसा असतो आणि श्रावणात कर्ज काढावं लागतं, हे त्यांनी आजवर कधी एका जागी मांडून पाहिलं नव्हतं. ओळींत बिया पडत गेल्या. तांदूळ, औषध, एसटी, शाळा, सण. शेवटची ओळ व्याजाची होती. त्या ओळीत कोणीच बी टाकेना.

शैलाताईंनी दोनदा विचारलं. व्हरांडा एकदम गप्प झाला. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या, आणि मला कळलं की त्या माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करताहेत. मी उठून गेले असते तर वर्ग पुढे चालला असता. पण मला जायचं नव्हतं. इतक्या बायकांमध्ये मी पहिल्यांदाच बसले होते, कोणाचा तरी गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "रुपयाला महिन्याला पाच पैसे. आमच्याकडे तोच दर आहे."

मग नंदाची आई, जी अगदी कडेला बसली होती, हसली. तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "पोरीनंच सांगितलं. आता काय लपवायचं?" सगळ्याच हसल्या. शैलाताईंनी त्या पाच पैशांचा वर्षाचा आकडा करून दाखवला, आणि नंदाच्या आईच्या ढिगातल्या बिया ओंजळीनं उचलून शेवटच्या ओळीत टाकल्या. ती ओळ तांदळाच्या ओळीहून लांब झाली. हसणं थांबलं. नंदाची आई त्या बियांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मशीन असतं तर एवढं मी शिवून मिळवलं असतं."

मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवायचं मला सुचलंही नाही. ती भात वैरत होती. "खोटं काय सांगितलंस?" ती म्हणाली. "तोच दर हाय आपला." तिच्या आवाजात राग नव्हता. पण त्या दिवशी ती ताटावर बसली आणि बराच वेळ भात कालवतच राहिली.

गट झाला. आठवड्याला थोडे थोडे करत पैसे साठले, बँकेत खातं निघालं. मी हिशेब लिहायचे आणि पुढेपुढे व्हरांड्यात खडू घेऊन ओळीही आखायचे. बायका मला "विजू" म्हणून हाक मारू लागल्या. कोणी करवंदं आणून माझ्या हातावर ठेवायची, कोणी माझे केस विंचरायला बसायची. मी इतकी सुखात होते की बैठक संपली तरी माझा पाय निघत नसे. गटाचं पहिलं कर्ज कोणाला द्यायचं यावर फार बोलणं झालंच नाही. ते नंदाच्या आईला मिळालं, मशीन सोडवायला.

त्या सकाळी बायका आमच्या घरी आल्या. एकट्यादुकट्या नाही, सगळ्याच आल्या, आणि पुढल्या खळ्यातून आल्या. कोणी खोकलं नाही. मी त्यांच्यासोबतच चालत आले होते. पायरीपाशी आल्यावर मला कळेना, आपण वर जावं की खालीच उभं राहावं. आई दारात आली. नंदाच्या आईनं पैसे पुढे केले, आईनं ते घेतले, मोजले नाहीत. आत गेली. मशीनवरची चादर ओढल्याचा आवाज आला. मग आतून तिची हाक आली, "विजू, एका बाजूनं धर गो. एकटीला उचलत नाय."

मी आत गेले. आम्ही दोघींनी ते मशीन उचललं. ओतीव लोखंडाचं, जड. उंबऱ्यावर आईला धाप लागली, थांबली, परत उचललं. बाहेर बायकांनी पुढे होऊन घेतलं. नंदाच्या आईनं तिथेच खळ्यात चाक फिरवून बघितलं. ते सुरळीत फिरलं. आईनं त्याला वेळोवेळी तेल घातलं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. "चहा टाकते," आई म्हणाली. "नको काकी, मशीन जागेवर लावायचंय," नंदाची आई म्हणाली, आणि त्या सगळ्या बोलत, हसत, मशीन सावरत वाट उतरून गेल्या. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होता. मी खळ्यात उभी होते. आईनं चादर झटकली, घडी केली आणि आत ठेवून दिली.

त्यानंतर खोली रिकामी होत गेली. काजूच्या हंगामानंतर चार हंडे गेले, मग पाळणा, मग पराती. समया पुढच्या गणपतीला गेल्या त्या परत आल्या नाहीत. आईनं मिळालेली मुद्दल पोस्टात ठेवली आणि त्यावर आमचं भागत होतं, तशी काही अडचण नव्हती. पण मागल्या दाराचा आवाज बंद झाला. तेव्हा मला उमगलं की बायका आमच्याकडे पैशासाठी का होईना, येत होत्या; आई त्यांच्या पोरांची नावं, दुखणी, कोणाचा नवरा कधी येणार, हे सगळं त्या हळू आवाजातल्या गुणगुणीतूनच ऐकत होती. आता तिच्यापर्यंत गाव पोचत नव्हतं. मी बैठकीतून आले की ती विचारायची, "गुरवांच्या सुनेला काय झालं?" मी सांगायचे. "आणि खालच्या वाडीतली म्हातारी?" मी सांगायचे. ती ऐकत राहायची, हातातलं काम थांबवून.

एक दिवस आम्ही कुळीथ निवडत बसलो होतो. आईनं सुपातून वर न बघता विचारलं, "तुमच्या गटात मला घेतील का गो?"

"तुला कशाला? तुला पैशाची काय अडचण आहे?"

"पैशाला नाय." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "बसायला."

पुढल्या बैठकीत मी विषय काढला. शैलाताई म्हणाल्या, "गट तुमचा आहे. निर्णय तुम्ही करा." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी नंदाची आईच बोलली, आणि ती अगदी मायेनं बोलली. "विजू, काकीबद्दल आमच्या मनात वाईट नाय हो. अडीनडीला तिनंच दिलेत पैसे. पण काकी इथं बसली ना, की आमची तोंडं बंद होतील. घरात काय चाललंय ते आमी इथं बोलतो. तिच्यासमोर कसं बोलायचं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी तावातावानं बोललं असतं तर मला भांडता आलं असतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. व्हरांड्यातल्या पहिल्या दिवसाची ती शांतता मी स्वतः अनुभवली होती.

घराकडे जाताना मी वाटेत दोनदा थांबले. काहीतरी वेगळं सांगावं, गटाचा नियम आहे, जागा भरल्यात, असं मनात आलं. पण आईला माणसं माझ्याहून जास्त कळत होती. मी जसंच्या तसं सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं." मग थोड्या वेळानं, "मी तरी कोणासमोर बोलले असते?"

पुढल्या वर्षी संस्थेनं मला नोकरी दिली. मी रत्नागिरीला आले, मांडवीला एका घराच्या मागच्या बाजूला खोली घेतली. दिवसभर मी बायकांच्या घोळक्यात असायचे, आज राजापूरकडे, उद्या दापोलीच्या बाजूला, एसटीनं धुळीतून. प्रत्येक गावात खडूच्या ओळी आणि बियांचे ढीग, आणि शेवटच्या ओळीपाशी तीच शांतता. मी ती फोडायला शिकले. आमच्या घरात हंडे कसे रचलेले असायचे ते मी सांगायचे, आणि सावकारणीची मुलगीच हे सांगतेय म्हटल्यावर बायका मोकळ्या व्हायच्या. गावाचं नाव मात्र मी कधी घेतलं नाही. बैठक संपली की त्या आपापल्या घरी जायच्या आणि मी शेवटची गाडी पकडून माझ्या खोलीवर यायचे. स्टोव्हवर एकटीपुरता भात टाकायचे. बाहेर भरतीचा आवाज. कितीदा वाटे, इतक्या घरांचं आतलं-बाहेरचं मला माहीत आहे, आणि यातल्या एकाही घरी मी रात्री राहिलेली नाही.

रविवारी जमेल तेव्हा गावी जायचे. आई पूर्वीसारखीच कमी बोलायची. पण एका पावसाळ्यानंतर मला तिच्यात फरक जाणवू लागला. ती कुठल्या कुठल्या गावांच्या गोष्टी सांगू लागली, कोणाच्या म्हशीला जुळं झालं, कोणाच्या जावयानं काय प्रताप केला. तुला कसं कळलं म्हटलं तर, "कळतं असंच," म्हणायची. वेणी घट्ट घालायची. एकदा तिच्या हातात दोन नव्या बांगड्या दिसल्या, हिरव्या काचेच्या नव्हेत, प्लास्टिकच्या. वडील गेल्यापासून तिचे हात मी भुंडेच पाहिले होते. मी विचारलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी लांज्याच्या पुढची माझी बैठक रद्द झाली आणि परतीच्या गाडीला अवकाश होता. मी बाजारातून फिरायला निघाले. हमरस्त्याच्या कडेनं बायका गोणपाटं अंथरून बसल्या होत्या. भाजी, सुकी मासळी, फणसाचे पापड, झाडू. त्यांत, एका लठ्ठ, मोठ्या आवाजाच्या बाईच्या शेजारी, माझी आई बसली होती. पुढे आमसुलं आणि सुक्या मिरच्या. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून सांगत होती, आणि ती लठ्ठ बाई मांडीवर थाप मारून हसत होती. आईही हसत होती. तिचे पुढचे दात किती सरळ आहेत ते मला तेव्हा दिसलं.

मी जवळ गेले. माझ्या तोंडातून "आई" निघणार तेवढ्यात त्या बाईनंच मला ओळखलं. "अगो बाय, ताई तुमी! आमच्या गावात येत होतात, आमच्या गटाच्या ताई!" तिनं आईच्या दंडाला धरून हलवलं. "गो सुमती, ह्या बघ त्या ताई. तुला सांगितलं नाय मी? स्वतः सावकारणीची लेक, पण आमाला हिशेब शिकवला, आमच्या गावच्या सावकारणीच्या दारातनं आमाला यांनीच बाहेर काढलं."

आईला कोणी सुमती म्हणून हाक मारलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. ती काकी होती, सगळ्यांची काकी. आईनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही, फक्त मांडीवरचा हात तिनं थोडा उचलला, जसं लहानपणी पाहुण्यांसमोर मला गप्प करायची तसा. मग म्हणाली, "असं होय? बरं काम करता हो ताई." आणि तराजू हातात घेऊन विचारलं, "काय देऊ?"

मागून कोणाचा तरी धक्का लागला.

"आमसुलं द्या," मी म्हटलं.

आईला मी जन्मात कधी "द्या" म्हटलं नव्हतं. तिनं आमसुलं तोलली, वर एक मूठ जास्त घातली. "ताईंकडनं जास्ती घेऊ नको हां," ती बाई म्हणाली. "नाय गो," आई म्हणाली. मी पैसे दिले, तिनं सुटे मोजून परत केले. तिची बोटं माझ्या तळहाताला लागली, गार होती. "येते," मी म्हटलं, दोघींना उद्देशून. स्टँडकडे वळताना मागे त्या बाईचा आवाज ऐकू आला, "हां, मंग पुढं काय झालं? सांग की," आणि आईनं मघाची गोष्ट सोडली होती तिथून पुढे सुरू केली. मी गाडीत बसले. खिडकीतून ती जागा दिसत नव्हती.

गुडघे धरेपर्यंत, पुढे कितीतरी वर्षं आई त्या बाजारात बसत होती. माझ्या माहितीप्रमाणे त्या बाईला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

बाजारातल्या त्या भेटीनंतरच्या रविवारी मी गावी गेले. आईनं घावणे घातले होते, नारळाचा रस काढला होता. आम्ही जेवायला बसलो. दुसरा घावणा माझ्या ताटात टाकताना तिनं विचारलं, "आमसुलं बरी होती का?"

"बरी होती."

"ह्या वर्षीचीच हायत." ती चुलीकडे वळली, तव्यावर पीठ ओतलं, झाकण ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "बाजाराच्या दिवशी त्या बाजूला येत जाऊ नको गो."

"बरं," मी म्हटलं.

तिनं झाकण उचललं, वाफ वर गेली. "बाकीच्या दिवशी मी घरीच असते," ती म्हणाली. "ये की."